मधलं पान

रविवारी सकाळी दादा आला तो काखेत खाकी कागदात गुंडाळलेलं मासिक घेऊन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईतले फाउंटनचे फुटपाथ त्यानं पंचवीस वर्षं पालथे घातलेत, ते पुरुषांसाठी निघणाऱ्या जुन्या मासिकांपायी. नातेवाइकांत हा छंद 'जुने अंक जमवतो' एवढाच सांगितला जातो. आई एका ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झाली. दोघांचं दैवत एकच, कागद. पण पूजेची रीत इतकी वेगळी की दोघं समोरासमोर बसली की चहा दोनदा गरम करावा लागतो.

दादा : मावशी, आधीच सांगतो, तुला आवडायचं नाही.

आई : सोड रे कागद. तीस वर्षांत मी पाहिलं नाही असं काय आणणार आहेस?

कागद सुटला. 'प्लेबॉय', नोव्हेंबर 1972. पिना गंजलेल्या, कव्हरचा कोपरा दुमडून दुमडून पांढरा झालेला. आईनं चष्मा लावला आणि सवयीनं आधी अंकाची पाठ पाहिली, मग पिना, मग पानं मोजल्यासारखा अंगठा फिरवला. चित्रांकडे तिचं लक्षच नव्हतं. अंगठा मधोमध अडला.

आई : यातलं मधलं पान गेलंय.

दादा : म्हणून तर दोनशेत मिळाला.

आई : दोनशे? तू तर सांगत असतोस, लोक यांना लाखांनी मोजतात.

दादा : पहिल्या अंकाला. हा त्या मासिकाचा सगळ्यात जास्त खपलेला अंक, 71 लाखांवर प्रती गेल्या. जे गल्लोगल्ली पडलंय त्याला कोण विचारतो? अमेरिकेत म्हातारा वारला की तळघरात खोकीच्या खोकी निघतात, मुलांना वाटतं बापानं घबाड ठेवलं, आणि दुकानदार म्हणतो, न्या परत. सत्तरच्या दशकातल्या अंकांचं हे असंच. उलट पहिला अंक, डिसेंबर 1953 चा, त्याच्या 54 हजारांच्या आसपास प्रती खपल्या. पन्नास सेंट किंमत होती. आज फाटका अंकसुद्धा हजारो डॉलरला जातो.

आई : पहिला म्हणून?

दादा : नुसता पहिला म्हणून नाही. ह्यू हेफनर शिकागोत 'एस्क्वायर'मध्ये जाहिरातींचा मजकूर लिहायचा. पाच डॉलर पगारवाढ मागितली, मिळाली नाही, बाहेर पडला. उसनवारी करून, घरातल्या टेबलावर अंक जुळवला. नाव ठरलं होतं 'स्टॅग पार्टी'. 'स्टॅग' नावाच्या दुसऱ्या मासिकानं हरकत घेतली म्हणून शेवटच्या घटकेला बदललं. तो प्रसिद्ध ससा त्या कव्हरवर नाही. आणि कव्हरवर तारीखही नाही.

आई : तारीख नाही? नियतकालिकाला तारीख नाही, मग नोंद कशी करायची?

दादा : दुसरा अंक निघेल याचीच त्याला खात्री नव्हती! तारीख नसली की विकला जाईपर्यंत स्टॉलवर पडून राहता येतं. मावशी, त्या कोऱ्या जागेला मी किंमत देतो. ती भीती छापलेली आहे तिथे.

आई : आणि ती बाई? कव्हरवर मेरिलिन मन्रो आहे ना?

आई काहीतरी मनात घेऊन विचारते तेव्हा तिचा आवाज खाली येतो. दादाला हे ठाऊक असूनही तो उत्साहात पुढे गेला.

दादा : तिच्याचमुळे तर खपला. आतला रंगीत फोटो तिचाच. 1949 साली टॉम केली नावाच्या फोटोग्राफरनं कॅलेंडरसाठी काढलेला. हेफनरनं तो शिकागोतल्या एका कॅलेंडर कंपनीकडून 500 डॉलरला घेतला.

आई : तिला किती मिळाले होते?

दादा : पन्नास.

आई : अंकाबद्दल?

दादा : नाही, 1949 मध्ये, फोटो काढला तेव्हा. अंकाबद्दल काही नाही. पैशाची नड होती तेव्हा तिला. फोटोच्या कागदावर सहीसुद्धा वेगळ्याच नावानं केली होती.

आई : म्हणजे पन्नास तिचे, पाचशे कॅलेंडरवाल्याचे आणि पुढचं सगळं त्याचं. तू म्हणतोस ना अंकाची किंमत कशानं वाढते? हिशेब तर मला सरळ दिसतो. जिच्यामुळे वाढली ती सोडून बाकी प्रत्येकाला काहीतरी मिळालं.

दादा : तुला अजून एक आकडा सांगतो, मग रागाव. 1992 मध्ये हेफनरनं लॉस एंजेलिसच्या दफनभूमीत तिच्या शेजारचा कप्पा विकत घेतला, 75 हजार डॉलर देऊन. 2017 मध्ये तो तिथेच गेला. दोघांची भेट कधी झालेली नव्हती.

आई काही बोलली नाही. बशीतला चिवडा तिनं दोन चमचे आपल्या ताटलीत घेतला आणि तसाच ठेवला. या विषयावर दादाकडे उत्तर नाही हे मलाही दिसत होतं. संग्राहकांच्या भाषेत 'मूळ मालक' या शब्दाचा अर्थ अंकाचा मालक एवढाच होतो.

दादा : बरं, पण मग तू सांग. ग्रंथालय म्हणून तुझ्या लेखी या अंकांची किंमत काय?

आई : वाचणारा असला तर आहे. तुम्ही लोक एक विनोद करता ना, 'मी लेखांसाठी घेतो'? तो विनोद ज्यांच्या बाबतीत शंभर टक्के खरा होता असे वाचक होते, माहितेय? अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसचा अंधांसाठीचा विभाग 1970 पासून 'प्लेबॉय' ब्रेलमध्ये काढायचा.

दादा : ब्रेलमध्ये!

आई : नुसता मजकूर. चित्रं काय उमटवणार? 1985 मध्ये तिथल्या संसदेत कुणाला तरी ते खुपलं. ग्रंथालयाच्या अनुदानातून 1 लाख 3 हजार डॉलर कापले, म्हणजे नेमका या ब्रेल अंकांचा खर्च. ग्रंथालयाच्या प्रमुखानं अंक बंद केला. अंधांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि 1986 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मजकूर पटत नाही म्हणून अंधांच्या हातून तो काढून घेता येणार नाही, असं कोर्टानं ठरवलं. आम्ही नोकरीत असताना ही केस चघळली होती. तुझ्या संग्रहात आहे का त्यातली एखादी प्रत?

दादा : नाही. बाजारात आलेली पाहिली नाही कधी.

आई : मग? दुर्मीळ आहे, पूर्ण आहे, मधलं पान गेलं म्हणून कुणी रडणार नाही. घे की.

दादा हसला, पण डोळ्यांत ती संग्राहकाची चमक आली होतीच. मग त्यानं मजकुराचा मुद्दा स्वतःहून उचलला, आणि खरं सांगायचं तर तो आईपेक्षा चांगला मांडला. रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट 451' 1954 च्या तीन अंकांत क्रमशः आली होती. पुस्तकं जाळण्याची ती कादंबरी त्या काळी छापायला धजणारं मासिक हे निघालं. 1962 मध्ये ॲलेक्स हॅली या काळ्या लेखकानं माइल्स डेव्हिसची मुलाखत घेतली आणि त्या मासिकाच्या लांबलचक मुलाखतींची परंपरा सुरू झाली. 1965 च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग. 'एस्क्वायर'चं तर मूळच निराळं. 1933 च्या मंदीत ते निघालं कपड्यांच्या दुकानदारांच्या भरवशावर: लाखभर प्रती छापल्या, त्यातल्या जेमतेम पाच हजार पेपरच्या स्टॉलवर, बाकी पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांत. स्टॉलवरच्या काही तासांत संपल्या. मग दुकानांतून गठ्ठे परत मागवायची धावपळ.

दादा : पण मावशी, खरी गंमत इथे आहे. मासिकं जमवणारे लोक भाव चढवत नाहीत. आम्ही कंजूष असतो. भाव चढवतात ते बाहेरचे. 1936 च्या ऑगस्टचा 'एस्क्वायर' महाग का? त्यात हेमिंग्वेची 'द स्नोज ऑफ किलिमांजारो' पहिल्यांदा आली, म्हणून हेमिंग्वेवाले तो पळवतात. 1968 च्या एप्रिलच्या कव्हरवर मुहम्मद अली आहे, अंगात बाण घुसलेला, संत सेबॅस्टियनच्या चित्रासारखा. व्हिएतनामला जायला नकार दिला म्हणून त्याचं विजेतेपद काढून घेतलं होतं त्यावर जॉर्ज लोइसनं केलेलं कव्हर. तो अंक बॉक्सिंगवाले घेतात, डिझाइनवाले घेतात, आणि मी हात चोळत बसतो. पहिला 'प्लेबॉय' महाग आहे तो मन्रोवाल्यांमुळे.

आई : म्हणजे तुझी मासिकं ही दुसऱ्यांच्या देवाची देवळं.

दादा : आणि पुजारी फाटका! बरोबर. पण एक 'जेंट्री' नावाचं मासिक होतं, 1951 ते 1957, उणेपुरे बावीस अंक. ते मात्र त्याच्या स्वतःच्या जिवावर आहे. पुरुषांच्या पेहरावाचं मासिक, आणि आतल्या पानांवर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. ट्वीड, लोकर. दोन डॉलर किंमत, त्या काळी डोक्यावरून पाणी.

आई एकदम पुढे सरकली.

आई : खरं कापड? हात लावून बघता येतं?

दादा : तुकडे सगळे जागेवर असले तर अंक पूर्ण. एक निघालेला असला की भाव पडलाच. लोकांनी काढून शिंप्याकडे नेले असणार.

आई : मग त्याच प्रती खऱ्या! ज्याच्यासाठी मासिक काढलं ते काम त्यांनी केलं. तू ज्याला खराब म्हणतोस ती प्रत वापरलेली आहे रे. आपला 'आवाज'चा दिवाळी अंक आठव. संपादक पाटकरांनी ती खिडकी चित्रं सुरू केली, वरचं पान उचललं की खाली भलतंच. ती खिडकी न फाटता राहिलेला अंक म्हणजे कुणी उघडलाच नाही असा अंक.

दादा : तसलाच मी शोधतोय दहा वर्षं.

आई : मिळणार नाही. आमच्या घरी येईपर्यंत तो अंक चार घरं फिरलेला असायचा.

खिडकीवरून गाडी रद्दीवर आली. दादाचं म्हणणं असं की या मासिकांचं दुर्मीळपण कारखान्यात ठरत नाही, घराघरांत ठरतं. लग्न ठरलं की गठ्ठा जाळायचा, बदली झाली की रद्दीवाल्याच्या काट्यावर घालायचा, तोही ओळखीचा नको, पलीकडच्या आळीतला. मुंबईत आलेले परदेशी अंक खलाशांच्या, विमान कंपनीतल्या लोकांच्या बॅगांतून आलेले, आणि विकणं आजही कायद्याच्या कचाट्यात येतं. त्यामुळे ते आलेही लपून आणि गेलेही लपून.

दादा : लाज हीच वाळवी. ज्या प्रती राहिल्या त्या कुणीतरी धाडस करून किंवा विसरून ठेवल्या म्हणून राहिल्या. कॉमिकच्या बाबतीत आया फेकतात, इथे माणूस स्वतःच फेकतो.

आई : लाजेचं म्हणशील तर आपल्याकडे र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' बघ. 1927 पासून 1953 पर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न चित्र, आत संततिनियमन. अश्लीलतेचे खटले झाले, एकात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड झालाच.

दादा : मावशी, कर्वे ऑक्टोबर 1953 मध्ये गेले. डिसेंबरमध्ये मन्रोचा अंक.

आई : त्या दोघांना एका पंगतीला बसवू नकोस. ते पुरुषांचं मासिक नव्हतं. कर्वे बायकांच्याही सुखाबद्दल लिहीत होते, पदरचं घालून.

दादा : बसवत नाही. बाजार बसवतो, एवढंच. दोन्हींना 'वादग्रस्त' अशी एकच चिठ्ठी लावून विकतात.

आई : आणि 'डेबोनेर'?

हे तिनं विचारावं याचं मलाच आश्चर्य वाटलं. मुंबईहून सत्तरच्या दशकात निघालेलं ते मासिक, 1974 मध्ये विनोद मेहता त्याचे संपादक झाले, आणि 'प्लेबॉय'ची देशी आवृत्ती म्हणून ते ओळखलं गेलं.

आई : त्यात कवितांचं पान असायचं. इम्तियाज धारकर संपादन करायच्या. एक मुलगी संशोधनासाठी आली होती माझ्याकडे, इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींच्या पहिल्या छापील कविता शोधत. तिला ते अंक हवे होते. आमच्याकडे नव्हते. समितीनं कधी घेतलेच नव्हते. ती म्हणाली, मग कुठे मिळतील? मी काय सांगणार, रद्दीत जा?

दादा : माझ्याकडे पाठवायचीस.

आई : तेव्हा तू दहावीत होतास.

दादाला इथे पकड मिळाली. ग्रंथालयांनी घेतले नाहीत ते सोडाच, म्हणाला, जे घेतले त्यांचं काय केलं? वर्षभराचे अंक बांधणीला पाठवताना कव्हरं काढून टाकली, जाहिरातींची पानं काढली, कडा कापल्या, प्रत्येक फर्म्यावर जांभळा शिक्का. संग्राहक ग्रंथालयाच्या खंडाला शिवत नाही तो उगीच नाही. ज्या कव्हरांसाठी आणि जाहिरातींसाठी आज इतिहासकार रडतात ती ग्रंथपालांनीच कचऱ्यात घातली.

आई : घातली. मी स्वतः घातली. बाइंडरला सूचना लिहून द्यायचे: जाहिराती वगळून. जागा नव्हती रे. एका कपाटात किती वर्षं मावतील यावर आमचं ज्ञान मोजलं जायचं. चूक झाली. पण तुमचं काय चाललंय? मागे तू मला फोटो दाखवला होतास, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेल्या अंकाचा.

दादा : सीजीसी. फ्लोरिडातली कंपनी. अंक पाठवायचा, ते तपासतात, दहापैकी गुण देतात आणि कडक पारदर्शक पेटीत सीलबंद करून परत पाठवतात. नऊच्या वर गुण पडले की भाव कुठल्या कुठे जातो. नऊ पूर्णांक सहा आणि नऊ पूर्णांक आठ यांत कधीकधी दुपटीचा फरक.

आई : आणि वाचायचा झाला तर?

दादा : पेटी फोडावी लागते. मग गुण गेले.

आई : अरे, देव्हाऱ्यातली पोथीसुद्धा श्रावणात सोडतात! आम्ही निदान उरलेलं वाचायला देत होतो. तुम्ही आख्खं ठेवता आणि कुणाला उघडू देत नाही. शिवाय आत काय होतंय ते कळणार कसं? तो गुळगुळीत आर्ट पेपर आहे, वर चिनी मातीचा थर. आपल्याकडच्या पावसाळ्यात एकदा ओला झाला की पानं अशी चिकटतात की वीट होते. पिनेला गंज, तो कागदात उतरतो. या तुझ्या अंकाच्या पिना आजच काढ, आणि दोऱ्यानं दोन टाके घाल.

दादा : पिना काढल्या तर तो मूळ अंक राहत नाही.

आई : मधलं पान नाही, तरी मूळ?

दादानं अंक हातात घेतला. इतका वेळ जे सांगायला तो आला होता ते त्यानं आत्ता काढलं.

दादा : हा मी का घेतला सांगू? या एका अंकाला सत्तरच्या दशकातला असूनही गिऱ्हाईक आहे, आणि तेही बाहेरचं. इंजिनीयर लोक. याच्या मधल्या पानावर लेना नावाची स्वीडिश मुलगी होती. 1973 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत काही जणांना संगणकात चित्र घालून बघायचं होतं. कुणाच्या तरी हातात हा अंक होता. त्यांनी ते पान वरून फाडलं आणि ड्रमच्या स्कॅनरवर गुंडाळलं. इंचाला शंभर रेषा, हव्या होत्या 512, म्हणून वरचा 5.12 इंचाचा भाग घेतला. चेहरा आणि खांदा तेवढा आला. मग पन्नास वर्षं जगभर कुणीही चित्र दाबायची, स्वच्छ करायची रीत शोधली की ती आधी या चेहऱ्यावर करून बघायची. तिला हे 1988 पर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं. आता 2024 पासून आयईईई या इंजिनीयरांच्या संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीनं तिचा फोटो असलेले निबंध घ्यायचे बंद केले.

आई : टोपी आहे का तिच्या डोक्यावर? पिसं लावलेली?

दादा : तुला कसं माहीत?

आई उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं खालचं दार ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. परत आली ती निळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला बाबांचा एम.टेक.चा प्रबंध घेऊन. पवई, 1986. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तो प्रबंध मी कधी उघडून पाहिला नव्हता. आईनं पानं न चाळता नेमकं पान काढलं. काळे-पांढरे चार फोटो डकवलेले. पहिल्यात टोपीवाली मुलगी खांद्यावरून वळून बघतेय. पुढच्या तिन्हींत तीच, पायरीपायरीनं पुसट होत गेलेली. पहिल्याखाली इंग्रजीत टाइप केलेलं होतं : मूळ प्रतिमा.

आई : हे मी टाइप केलंय. रोज ऑफिसातून आल्यावर दोन तास, कार्बन घालून. फोटो डकवताना विचारलं होतं यांना, ही कोण बाई? म्हणाले, कुणी नाही गं, टेस्ट इमेज आहे. सगळे हीच वापरतात.

दादानं त्याचा अंक शेजारी ठेवला, पान नव्हतं तिथेच उघडून. दोन गंजक्या पिना आणि त्यांना धरून राहिलेली कागदाची बारीक चिंधी. थोडा वेळ तो एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग सवय बोललीच.

दादा : मावशी, याच्या प्रती किती काढल्या होत्या?

आई : चार. ही शेवटची, म्हणून अक्षरं फिकी आहेत.

दादा : बाकीच्या?

आई : एक गाइडकडे, एक परीक्षकांकडे, एक तिथल्या ग्रंथालयात.

दादा : मग ग्रंथालयातली तरी असेलच अजून.

आईनं चष्मा काढून पदराला पुसला.

आई : त्यांच्याकडे जागा किती आहे त्यावर आहे.